आधी खिचडी

गेल्या वर्षी दशलक्षण पर्वात उत्तम त्यागाच्या दिवशी मंडळात बोलायची पाळी माझी होती. विषय ठरलेलाच, दान. आहारदान, औषधदान, ज्ञानदान, अभयदान ही चार नावं आपल्या घरातलं शाळकरी पोरही घडाघडा म्हणतं. मी कागदावर मुद्दे काढून नेले होते, तरी उभी राहिल्यावर पहिल्याच वाक्याला अडले. एका नऊ वर्षांच्या मुलीचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या वारली बाईंची ही मुलगी. तिच्या निमित्ताने वर्षभरात जे घडलं ते सांगितल्याशिवाय मला दानावर बोलता येईना. त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं. आज सगळं लिहिते. नावं मात्र कुणाचीच लिहीत नाही. गरिबाचं नाव आपण फार सहज छापतो.

सिल्वासाला येऊन मला बावीस वर्षं झाली. माहेर कोल्हापूरकडचं. नवऱ्याची नोकरी इथल्या धाग्याच्या कारखान्यात, म्हणून आलो आणि इथलेच झालो. इथे आपल्यासारखी दिगंबर मराठी घरं थोडी. बाकी जैन समाज राजस्थान-गुजरातकडचा. मंडळ सगळ्यांचं मिळून एकच. कुणी ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतं, कुणी ‘उत्तम क्षमा’. सगळे जैन मोजले तरी दादरा-नगर हवेलीत शंभरात दोन भरत नाहीत. गंमत म्हणजे इथल्या ख्रिस्ती लोकांचंही तसंच, तेही शंभरात दोनांच्या आत. निम्म्याहून जास्त प्रदेश आदिवासींचा : वारली, कोकणा, धोडिया, कोळी. म्हणजे ही गोष्ट दोन मूठभर समाजांची आणि त्यांच्या मधे उभ्या असलेल्या एका तिसऱ्याच मुलीची आहे.

सुरुवात एका पावसाळी दुपारी झाली. शाळेला सुट्टी होती म्हणून ती आईबरोबर आली होती. मी ताटलीत दोन पोळ्या आणि भाजी वाढून दिली. तिने ताटली पुढ्यात ओढली, हात जोडले, डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली. मग जेवायला लागली.

“हे काय गं म्हणालीस?”

“आंटीने शिकवलं. जेवायच्या आधी देवाला थँक्यू म्हणायचं.”

तिच्या दप्तरात एक रंगीत कार्ड होतं. त्यावर येशू, त्याच्या मांडीवर एक मूल, पायाशी कोकरू. चित्र गोड होतं. पण माझ्या पोटात काहीतरी खटकन तुटलं. पोळी माझी, भाजी माझी, आणि थँक्यू दुसऱ्याच देवाला! मी जरा चढ्या आवाजात म्हणाले, “आमच्या घरात हे नाही चालायचं हं.” मुलगी घास हातात धरून आईकडे बघत राहिली. आई भांड्यांवर खाली वाकली आणि तिने नळ मोठा सोडला.

त्या आठवड्यात मी मंडळात हा विषय काढला. बस्तीत दर रविवारी एक बाई येते, मुलांना गाणी शिकवते, चणे-गूळ वाटते, असं कळलं. ‘आपली मुलं पळवतात,’ असं मी म्हणाले. आता विचार करते तेव्हा त्या ‘आपली’ शब्दाची मला लाज वाटते. त्या दिवसापर्यंत त्यांतल्या एकाही मुलाचं नाव मला ठाऊक नव्हतं. दुसरं कुणी त्यांना जवळ घेतल्यावरच ती ‘आपली’ झाली.

कुणीतरी पोर्तुगीजांचा विषय काढला. सिल्वासात जुनं पोर्तुगीज वळणाचं चर्च आहेच, त्यामुळे तो निघतोच. पेशव्यांशी १७७९ साली झालेल्या तहानंतर हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि १९५४ सालापर्यंत त्यांच्याकडेच राहिला. त्यांच्या राज्यात धर्माच्या नावाने जुलूम झाले, हे खरंच आहे. पण त्याच १९५४ च्या जुलैमध्ये दादरा मोकळं करायला जी पहिली तुकडी शिरली, तिचे पुढारी होते फ्रान्सिस मास्करेन्हस, गोव्याचे ख्रिस्ती. २ ऑगस्टला सिल्वासा सुटलं त्या लढ्यात सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. हे आपण दर मुक्तिदिनाला ऐकतो. मास्करेन्हस यांचं नाव मात्र आपल्या तोंडी येत नाही. ‘ख्रिस्ती म्हणजे पोर्तुगीज’ हा हिशेब इथल्या इतिहासातच बसत नाही. तेव्हा मला हे माहीत होतं, पण मी गप्प बसले, कारण मला बायकांचा होकार हवा होता.

तो मिळाला. मंडळाने रविवारी संस्कार वर्ग सुरू केला. बस्तीलगत एक पत्र्याची शेड मिळाली. मुलांनी यायचं, णमोकार मंत्र म्हणायचा, एक गोष्ट ऐकायची आणि मग गरम खिचडी. आठवड्याला हजेरी. सलग तीन गैरहजेऱ्या झाल्या तर नाव कापायचं. वर्षाच्या शेवटी दप्तर आणि डझनभर वह्या. पण ज्यांनी मांस, मासे, अंडी सोडली त्यांनाच. नियम मीच लिहिले. अक्षर सुंदर आहे ना माझं!

मुलं आली. चाळीस-पंचेचाळीस. आमची ती मुलगीही आली. तिने मंत्र सगळ्यांच्या आधी पाठ केला. मला काय आनंद झाला सांगू! ती सकाळी आंटीकडे जाते आणि अकराला आमच्याकडे येते, हे मला माहीत होतं. मला वाटायचं, बघू या कोण जिंकतं.

दिवाळी झाली आणि मुलगी दिसेनाशी झाली. आईही कामावर येईना. भात कापून झाला की इथली कितीतरी घरं वीटभट्ट्यांवर जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची. अंगण, झोपडी, शाळा सगळं मागे टाकून जायचं. मंडळाच्या वहीत तीन फुल्या पडल्या आणि नियमाप्रमाणे नाव कापलं गेलं. मीच कापलं. लाल पेनाने.

पावसाच्या तोंडावर ती माणसं परत आली. मुलगी उंच झाली होती आणि वाळली होती. मी तिचं नाव पुन्हा घातलं. पण पुढच्याच महिन्यात मंडळातल्या एका ताईंनी तिला घरासमोर सुकट खाताना बघितलं. पावसाळ्यात ही माणसं खेकडे धरतात, ओढ्यातले मासे पकडतात, नाहीतर डब्यातली सुकट भाकरीबरोबर भाजून खातात. दप्तरांची यादी करायची वेळ आली तेव्हा त्या ताई म्हणाल्या, “हिचं नाव नको. नियम म्हणजे नियम.” मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी तिची आई माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिने कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. म्हणाली, “बेन, पोर रात्री जेवली नाही. म्हणते, सुकट खाल्ली तर बेनचा देव वही देत नाही. घरात दुसरं काय नाही. मी काय घालू तिला?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलीच्या ताटातून मी घास काढला होता. आपण ज्याला करुणा म्हणतो तिच्या नावाने काढला होता. मासा वाचावा म्हणून पोर उपाशी राहिली, हे कोणत्या शास्त्रात बसवायचं? तुमच्या-माझ्या घरी मासे नाहीत, तर दूध, तूप, डाळ, शेंगदाणे सगळं आहे. आपलं शाकाहाराचं व्रत भरल्या फडताळासमोर उभं राहून घेतलेलं असतं. ते व्रत मला आजही प्यारं आहे. पण रिकाम्या फडताळाच्या घरात ते पोरीकडून वहीच्या बदल्यात घेणं म्हणजे व्रत नव्हे. तो सौदा झाला.

त्याच आठवड्यात मी त्या आंटीला भेटायला गेले. खरं सांगायचं तर माफी मागायला गेले नव्हते. ती काय करते ते बघावं, तिच्यातही खोट सापडावी, म्हणजे माझं ओझं हलकं होईल, अशी माझी इच्छा होती.

बाई नगरकडच्या निघाल्या. मराठी, आणि मराठी अशी की मला माहेरची आठवण व्हावी. नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. चिंचेच्या झाडाखाली सतरंजी टाकून मुलं बसली होती. गाणं चाललं होतं. कडेला एक मुलगा, गळ्यात ताईत, आईबाप बिहारकडून कारखान्यात आलेले. तो गात नव्हता, डोळे मिटत नव्हता, काडीने मातीत रेघोट्या मारत होता. वाटप झालं तेव्हा त्यालाही तेवढेच चणे आणि तेवढाच गूळ.

मी विचारलं, “हा प्रार्थना म्हणत नाही?”

“नाही म्हणत. त्याच्या अम्मीने सांगितलंय, खेळायला जा, गाणं नको. बरं, म्हटलं.”

“मग तुमचा काय फायदा?”

त्या हसल्या. “ताई, पाच भाकरी आणि दोन मासे होते. पाच हजार माणसं जेवली. येशूने कुणाचं नाव लिहून घेतल्याचं शुभवर्तमानात नाही.”

वहीची गोष्ट त्यांना कुणीतरी सांगितली असावी. मी कानापर्यंत तापले. पण त्यांनी टोमणा पुढे ताणला नाही. उलट म्हणाल्या, “आमच्यातही सगळे सारखे नाहीत हं. पोरांना ओळीत उभं करून हातात पुडा देऊन फोटो काढणारे आहेत. किती पोरं आली ते वर कळवायचं असतं त्यांना. मला ते बघवत नाही. माझ्या पणजीला दुष्काळात मिशनने जेवायला घातलं. तिने पुढे बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून आमच्या घराला लोक म्हणतात, भाकरीसाठी बाटलेले. चार पिढ्या हे ऐकतोय. पणजीने मनापासून घेतला की भुकेपोटी, हे आता कोण सांगणार? तिला स्वतःला तरी सांगता आलं असतं का? म्हणून मी ठरवलं, माझ्याकडच्या पोराला असा प्रश्न पडता कामा नये.”

हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात नवा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. बालविधवांना शिकवून पायावर उभं करायचं, हा हेतू. त्या स्वतः १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या. पण सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं, म्हणून रानडे, भांडारकरांसारखी माणसं सल्लागार झाली. रमाबाई आपल्या खोलीत मुलगी मनोरमेबरोबर प्रार्थना करायच्या. दार उघडं असायचं. हळूहळू काही मुली आत येऊन बसू लागल्या. १८९३ साली त्यावरून पुण्यात गदारोळ झाला, सल्लागारांनी राजीनामे दिले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं असं की मी बोलावत नाही, पण आलेलीला हाकलणारही नाही.

लहानपणी हे वाचलं तेव्हा मी पूर्ण रमाबाईंच्या बाजूची होते. सिल्वासात आल्यावर पूर्ण सल्लागारांच्या. आता मला दोन्ही बाजू दिसतात. दार उघडं ठेवणं हा गुन्हा कसा? आपल्या खोलीत आपला देव आठवायलाही चोरी? पण त्या मुलीच्या बाजूने बघा. या घराबाहेर तिला कुणी विचारत नाही. आत अन्न आहे, पाटी आहे, मायेने हाक मारणारी बाई आहे. तीच बाई डोळे मिटून बसली असेल, तर शेजारी जाऊन बसावंसं वाटणं ही श्रद्धा म्हणायची की माया? पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून रमाबाईंनी शेकडो अनाथ मुली केडगावला आणल्या. इकडच्या म्हाताऱ्या बाया अजून ज्याला छप्पनियो म्हणतात तोच हा दुष्काळ. केडगावात ख्रिस्ती धर्म उघडपणे शिकवला जाई. त्या मुली तिथे पोचल्या नसत्या तर रस्त्यात मेल्या असत्या, हेही खरं. त्या वेळी आपल्या किती धर्मशाळांनी त्यांना आत घेतलं, हे आधी विचारावं आणि मग रमाबाईंना दोष द्यावा.

कायदा आपल्या परीने रेघ ओढतो. राज्यघटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणे सरकारी मान्यतेच्या किंवा अनुदानाच्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की आपला धर्म लोकांना सांगण्याचा हक्क आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. चांगलंच आहे. पण चिंचेच्या झाडाखाली आणि आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये कायदा येऊन बसत नाही. तिथे देणाऱ्याचं मन हाच कायदा.

आणि माझं मन कसं होतं? याचं उत्तर मला आपल्याच शास्त्रात सापडलं, त्याने मी जास्त हादरले. श्रावकाचं बारावं व्रत अतिथिसंविभाग. तत्त्वार्थसूत्रात त्याचे पाच अतिचार सांगितले आहेत, म्हणजे देताना होणारे दोष. लहानपणी पाठशाळेत ते नुसते घोकले होते. त्यातला एक कालातिक्रम, म्हणजे वेळ टळून गेल्यावर देणं. आणि एक मात्सर्य, म्हणजे दुसरा देतो ते न साहून देणं. हे व्रत मुनींना आहार देण्याविषयीचं आहे, मला माहीत आहे. पण मुनींना देताना जो दोष, तो वारल्याच्या पोरीला देताना गुण कसा होईल? ती भट्टीवर उपाशी होती तेव्हा मी तिचं नाव कापलं, हा कालातिक्रम. आणि मुळात वर्ग काढला तोच आंटीच्या चण्यांवर जळून. पहिल्या दिवसापासून त्या खिचडीत मात्सर्य शिजत होतं. वर्षभर मी त्याला धर्मप्रभावना म्हणत होते.

कुणी म्हणेल, अट घातल्याशिवाय मुलं सुधारतात कुठे? म्हणून एक आपल्याच घरातलं उदाहरण देते. कर्मवीर भाऊराव पाटील १८८७ साली कुंभोजला जैन घरात जन्मले. कोल्हापूरला जैन बोर्डिंगात शिकत असताना अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले आणि परत आल्यावर आंघोळ करायला नकार दिला, म्हणून बोर्डिंगातून बाहेर काढले गेले. पुढे १९१९ साली त्यांनी काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह. तिथे महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन, सगळी मुलं एका पंगतीला. पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना दिला, शेवटी मंगळसूत्रही. कर्मठ जैन घरातून आलेली ही बाई. सोवळंओवळं विसरून तिने सगळ्या जातींच्या पोरांना माय दिली. तिने णमोकार मंत्राची अट घातली नाही. त्या वसतिगृहात अट होती ती कामाची. आपलं धान्य, आपला स्वयंपाक, आपला झाडू. मुलाला पाठीचा कणा मिळेल अशी अट, देणाऱ्याचा कळप वाढेल अशी नव्हे. आणि तरी त्या दोघांइतकं जैन मला त्या काळात दुसरं कुणी दिसत नाही.

अजून एक गोष्ट मला फार उशिरा सुचली. मी आणि आंटी, आमचा देव की तुमचा, या भांडणात होतो. पण मुलीला आधीच देव होते. वारल्यांचा वाघदेव आहे, हिरवा आहे, धान्याची देवी कणसरी आहे. नवं धान्य देवाला दाखवल्याशिवाय ही माणसं तोंडात घालत नाहीत. म्हणजे जेवायच्या आधी देवाचे आभार मानायचे, हे तिला तिच्या आजीनेच शिकवलं असतं. आम्ही दोघींनी तिला कोरी पाटी समजलं. एकीने पाटीवर येशू काढला, दुसरीने ॐ. पाटी कोरी नव्हती, हे आम्ही तिच्या आईला विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

एका रविवारी घरी परत येताना मी मुलीला विचारलं, “आंटीकडे डोळे का मिटतेस गं? तो ताईतवाला मुलगा तर मिटत नाही.”

ती म्हणाली, “मिटले की आंटी हसते. नाही मिटले तर काही बोलत नाही, पण मला वाईट वाटतं.”

“आणि आमच्याकडे मंत्र का म्हणतेस?”

“वहीसाठी.” मग जरा थांबून, “आणि तुम्ही पण हसता.”

हे मी आंटीला जाऊन सांगितलं. माझ्या मनात होतं, आता कळेल बाईंना, त्यांचंही दान काही निरपेक्ष नाही. त्या बराच वेळ गप्प बसल्या. डोळ्यांत पाणी आलं असावं. त्यांनी चष्मा पुसला. पुढच्या रविवारी गेले तर क्रम उलटा झालेला. आधी चणे-गूळ. मग त्या म्हणाल्या, “ज्यांना खेळायला जायचंय त्यांनी जा. ज्यांना गाणं म्हणायचंय त्यांनी थांबा.” अर्धी पोरं उठून पळाली. आमची मुलगीही पळाली. आंटी उरलेल्या पोरांबरोबर गात बसल्या, आणि त्यांचा आवाज जराही उतरला नव्हता.

मला वाटतं, सगळा प्रश्न एवढाच आहे. जेवण आधी की प्रार्थना आधी. प्रार्थना आधी असेल तर ती जेवणाची किंमत होते, मग ती येशूची असो की जिनेंद्राची. जेवण आधी झालं, मुलाला जायची मोकळीक मिळाली आणि मग कुणी थांबलं, तर त्या थांबण्याला काही अर्थ. आपण अपरिग्रह म्हणतो तेव्हा पैसा, जमीन, दागिने डोळ्यांसमोर येतात. माणसांचाही परिग्रह असतो. ‘मी याला घडवलं’, ‘ही माझ्यामुळे सुधारली’ असं म्हणत आपण माणसं तिजोरीत ठेवतो. दान म्हणजे आपली मालकी सोडणं. खिचडी सोडली आणि मूल धरून ठेवलं तर काय सोडलं?

उत्तम त्यागाच्या दिवशी मी मंडळात एवढंच मांडलं : वही बंद करू, दप्तर सगळ्यांना देऊ, आणि खिचडी आधी वाढू. क्षणभर शांतता. मग मागून एक काकू म्हणाल्या, “अहो, पण मग थांबणार कोण?”

मी म्हणाले, “काकू, माझ्याकडेही याचं उत्तर नाही. पण हा प्रश्न आपल्याला पडतो, यातच सगळं आलं.”

मंडळाने खिचडी आधी करायचं मान्य केलं. दप्तरंही सगळ्यांना मिळाली. हजेरीची वही मात्र चालू आहे. हिशेबाला लागते म्हणतात. मी भांडले नाही. पहिल्या रविवारी जेवण झाल्यावर सात मुलं थांबली. आता कधी दहा, कधी चार. गोष्ट चांगली असेल तर जास्त. त्यामुळे मला गोष्टीची तयारी करून जावी लागते, हा एक फायदा.

क्षमावाणीच्या दिवशी आपण मंदिरात एकमेकींना हात जोडतो. जिच्याशी वर्षभर काही बिनसलेलं नाही तिचीच क्षमा मागणं फार सोपं असतं. त्या दुपारी मी मुलीच्या आईला स्वयंपाकघरात बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, “सुकटीवरून मी तुमच्या पोरीला उपाशी ठेवलं. माझं चुकलं.” मी पहिल्यांदाच त्यांना ‘तुम्ही’ म्हणत होते, त्यानेच त्या गोंधळल्या.

कपातला चहा बशीत ओतत त्या म्हणाल्या, “जाऊ द्या बेन. खिचडी चांगली होती.” मग फुंकर घालून एक घोट घेतला आणि म्हणाल्या, “फक्त त्या वहीत तिचं नाव असतं ना, ते काढता येईल का? आमच्यात वहीत नाव म्हणजे उचल घेतल्यासारखं वाटतं.”

येत्या रविवारी मंडळात मला पुन्हा वहीचा विषय काढायचा आहे. मैत्रिणींनो, तुमच्याही गावात अशी एखादी वही असेल. तिच्यात कुणाची नावं आहेत आणि ती का आहेत, हे एकदा उघडून बघा.